दहा मिनिटांचं घड्याळ

बडनेऱ्याहून रविवारी सकाळची गाडी सुटेपर्यंत पायलने आईला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा पंचफुलाबाईंनी एकच सांगितलं.

"तू ये. फोनवर नाही सांगता येत मले. चार दिवस झाले, विहारात गेला नाही तो."

तो म्हणजे प्रीतम, पायलचा धाकटा भाऊ. वय तेवीस. अकोल्यात त्यांच्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराला लागून एका खोलीचं वाचनालय होतं, आणि गेली पाच वर्षं ते प्रीतमच सांभाळत होता. संध्याकाळी पाचला कुलूप उघडायचं, आठला लावायचं. वडील, मोतीराम, गेले त्या आठवड्यातसुद्धा तिसऱ्या दिवशी पाच वाजता त्याने वाचनालय उघडलं होतं. एक हजार एकशे बारा पुस्तकं होती तिथे. कोणतं पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे तो मान वर न करता सांगायचा. शाळेत मास्तर त्याला घुमा म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी स्वमग्नता असं नाव सांगितलं. पंचफुलाबाईंनी नीट ऐकून घेतलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "म्हंजे पोरगं जसं हाय तसंच हाय ना? मंग ठीक."

असा मुलगा चार दिवस विहारात गेला नाही म्हणजे काहीतरी मोठं झालं होतं.

मूर्तिजापूरला गाडी थांबली ती हलेचना. पायल उठून दारापर्यंत गेली, परत येऊन बसली, फोन उघडला, बंद केला. समोरच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली. पायलच्या डोक्यात ताप, मारामारी, कोणी काही बोललं असेल, असं एकेक येऊन गेलं. खरं कारण तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

ती घरी पोचली तेव्हा प्रीतम आतल्या खोलीत, तिच्याच जुन्या लॅपटॉपसमोर बसला होता. शेजारी शंभर पानी वही. ती आलेली त्याने पाहिली आणि सरळ वही पुढे केली.

"ताई, चौदा वेळा झालं," तो म्हणाला.

वहीत पेन्सिलने ओळी आखून तक्ता केला होता. बुधवार, ६:१२ ते ६:२२, पान ३, गेलं. बुधवार, ६:४० ते ६:५०, पान ३, गेलं. गुरुवार, ५:०५ ते ५:१५, पान ४, गेलं. अशा चौदा ओळी. मागच्या पानांवर त्याने वेबसाइटची पाच पानं हुबेहूब काढली होती, प्रत्येक चौकोन, प्रत्येक बटण. उजवीकडे वर एक घड्याळ होतं, त्याला लाल पेन्सिलीने रंग दिला होता.

घड्याळ पाहिल्याबरोबर पायलने मागची पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली. हा फॉर्म तिच्या ओळखीचा होता.

अमरावतीची एक शिक्षण संस्था ग्रंथालयशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवत होती. वर्ग फक्त शनिवारी आणि रविवारी. प्रीतमला तिथे शिकायचं होतं, आणि अर्ज भरून झाल्यावरच घरात सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. अर्जाचा शेवटचा दिवस येता बुधवार, संध्याकाळी पाच. त्या संस्थेची वेबसाइट अमरावतीतल्याच राजापेठेतल्या एका लहानशा कंपनीने बनवली होती, आणि त्या कंपनीत पायल तीन वर्षांपासून डिझायनर होती. अर्जाची ती पाचही पानं तिच्याच हातची.

"भरून दाखवतो का मले?" तिने विचारलं.

"तू बोलू नको मधात."

"नाही बोलत."

ती मागे मोड्यावर बसली. प्रीतमने फॉर्म उघडला. घड्याळ सुरू झालं, दहा मिनिटं. पहिल्या पानावर सूचनांचा परिच्छेद होता. पायलला आठवलं, तो परिच्छेद कोणी वाचणार नाही म्हणून तिने अक्षर बारीक ठेवलं होतं. प्रीतमने तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. सूचना आहे म्हणजे ती पाळायची, आणि पाळायची म्हणजे पूर्ण कळायला हवी. तोवर खालच्या कोपऱ्यातून एक हिरवा फुगा उडी मारून वर आला. "नमस्कार, मी तुमची काय मदत करू?"

त्याने टाइप केलं, "मदत नको."

फुगा म्हणाला, "मला समजलं नाही. कृपया खालीलपैकी पर्याय निवडा."

त्याने चारही पर्याय वाचले. नको असा पर्याय त्यात नव्हता. त्याने तरी एक निवडला, कारण विचारलं आहे तर उत्तर द्यायला हवं. फुग्याने पुढचा प्रश्न विचारला. सहा मिनिटं उरली होती.

हा फुगा बंद करायची खूण पायलने कोपऱ्यात फिक्या राखाडी रंगात ठेवली होती, डोळ्यात भरू नये म्हणून.

तिसऱ्या पानापर्यंत तो पोचला तेव्हा दोन मिनिटं राहिली. घड्याळ लाल झालं, चमकायला लागलं, दर पाच सेकंदांनी टूं वाजायला लागलं. प्रीतमने दोन्ही हातांनी कान झाकले. मग टाइप करायला हात नव्हते. त्याने एक कान खांद्याला दाबून एका हाताने लिहायचा प्रयत्न केला. दहावीचं वर्ष चुकलं, खोडलं, पुन्हा चुकलं. स्क्रीन कोरी झाली. "आपली वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा."

तो उठला आणि मागच्या अंगणात गेला. पेरूच्या झाडाभोवती फेऱ्या मारायला लागला, हाताची बोटं एकमेकांवर घासत.

पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या. "असंच चालू हाय. जेवत नाही धड. म्हणते, मले फॉर्म येत नाही त कॉलेज कसं येईन."

पायल अंगणात गेली. "प्रीतम, मी भरून देतो तुह्या फॉर्म. पाच मिनिटाचं काम आहे."

"खाली लिहिलं आहे," तो फेऱ्या न थांबवता म्हणाला. "वरील माहिती मी स्वतः भरली आहे. तू भरली त ते खोटं होईन."

ती ओळसुद्धा तिनेच लिहिली होती. एका जुन्या छापील अर्जातून उचलली होती, न वाचता.

"कोणं केला हा फॉर्म?" प्रीतमने विचारलं.

"कंपनीनं," पायल म्हणाली, आणि घरात गेली.

दुपारभर तिला एका जागी बसवेना. जेवताना ताटावरून उठली, भांडी घासायला घेतली, ती अर्धी ठेवून फोन पाहायला गेली. आई म्हणाली, "तुले काय झालं व?" पायल म्हणाली, काही नाही. कंपनीत तिच्या टेबलावर त्या वेबसाइटसाठी मिळालेलं प्रशस्तिपत्र होतं. उत्कृष्ट मांडणी. गावी आली तेव्हा तिने त्याचा फोटो आईला दाखवला होता. प्रीतमनेही पाहिला होता, पण कोणती वेबसाइट हे तेव्हा त्याने विचारलं नव्हतं.

परतीच्या गाडीला एक तास असताना ती पुन्हा अंगणात गेली.

"प्रीतम, तो फॉर्म मी केला. दोन वर्षांआधी. घड्याळ, तो फुगा, टूं टूं, सगळं मीच."

तो थांबला. रागावला असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. त्याने पेरूच्या बुंध्याकडे पाहिलं.

"दहा कावून?"

"काय?"

"दहा मिनिटं कावून? पंधरा कावून नाही? पाच कावून नाही?"

पायलने फोनवर जुने मेल चाळून पाहिले.

"पाहा लागीन मले," ती म्हणाली.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली आणि दोन वर्षांपूर्वीच्या फायली उपसायला लागली. पहिला कच्चा आराखडा सापडला. वरच्या कोपऱ्यात १०:०० असा आकडा होता, आणि बाजूला तिचीच टीप. नमुन्याचा आकडा, संस्थेला विचारून बदलायचा. कोणीच विचारलं नव्हतं. संस्थेला तर घड्याळ हवं की नको हेही कोणी विचारलं नव्हतं. परीक्षेच्या एका वेबसाइटवर पाहिलं होतं, चांगलं दिसलं, म्हणून तिने ठेवलं होतं.

तिने प्रीतमला संदेश पाठवला. "दहाला काही कारण नव्हतं. मी उगाच टाकलं होतं."

एका मिनिटात उत्तर आलं. "ठीक. मग काढ."

कंपनीचे मालक शेखर सर अकराला आले. पायलने उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली, प्रीतमकडून आणलेली वही दाखवली, चौदा ओळी वाचून दाखवल्या. शेखरने ऐकलं. माणूस वाईट नव्हता, पण प्रवेशाच्या दिवसांत त्याला कोणत्याही वेबसाइटला हात लावायची भीती वाटायची.

"दोन दिवस राहिले पायल. आता त्यात काही बिघडलं त कोण पाहीन? आन् घड्याळ काढलं त लोकं सायबर कॅफेत फॉर्म उघडा ठेवून चहाले जातात. दुसराच येऊन त्याचा आधार नंबर पाहते. त्याचं काय?"

हे खरं होतं.

"असं कर," शेखर म्हणाला. "वेगळी लिंक काढ. विशेष विद्यार्थ्यांसाठी. त्यात घड्याळ नको ठेवू. खाली दिव्यांग प्रमाणपत्राचा नंबर माग, म्हणजे कोणीबी घुसणार नाही."

पायलला हायसं वाटलं. संध्याकाळपर्यंत तिने आणि डेव्हलपर रोहितने लिंक तयार केली, आणि तिने ती प्रीतमला पाठवली. वीस मिनिटं ती फोनकडे पाहत पेनचं टोपण चावत बसली.

उत्तर आलं. "पहिल्याच पानावर प्रमाणपत्र क्रमांक विचारतो. माझ्याकडे नाही. म्हणजे हा अर्ज माझ्यासाठी नाही."

प्रमाणपत्र काढायचं राहून गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्यासाठी जिल्हा रुग्णालयात मोठ्या रांगेत थांबावं लागणार होतं, आणि प्रीतम रांगेत थांबू शकत नव्हता. पायलने फोन टेबलावर पालथा ठेवला. वेगळं दार काढलं होतं, आणि त्यालाही कुलूप लावलं होतं.

मंगळवारी सकाळी तिने संस्थेच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे भागीरथाबाई म्हणून एक बाई होत्या. आतापर्यंत त्यांचं बोलणं नुसतं कामापुरतं व्हायचं.

"ताई, फॉर्मबद्दल किती फोन येतात तुमाले?"

"किती म्हंजे? कान गरम होते माह्या. चाळीस, पन्नास. सगळ्याईचं एकच. मॅडम, पान उडालं. मॅडम, घड्याळ संपलं. काल एक बाई रडली फोनवर. नोकरीवरून येते, लेकराले मांडीवर घेऊन भरते, दहा मिनिटात होते का ते? सैन्यातून सुटून आलेला एक माणूस हाय, त्याले टूं वाजलं की घाम फुटते म्हणे. मी रजिस्टरात लिहून ठेवते. पाहायले कोणी येत नाही."

"मले फोटो पाठवता का त्याचे?"

"पाठवते. पण काही होईन का त्याचं?"

रजिस्टरची अकरा पानं आली. पायलने ती पहिल्यापासून वाचली. प्रीतमच्या वहीत जे होतं तेच यात होतं, फक्त माणसं वेगवेगळी. मोतीबिंदू झालेले, हात कापणारे, अक्षरं उलटी दिसणारे, चार ओळी वाचल्या की पाचवीपाशी मन उडून जाणारे. या शेवटच्या नोंदीपाशी ती क्षणभर थांबली. तिचंही तसंच व्हायचं. स्वतः बनवलेला फॉर्म तिने स्वतः कधीच पूर्ण भरला नव्हता. बनवताना मधली पानं ओलांडून ती थेट शेवटचं बटण तपासायची.

शेखर त्या दिवशी अंजनगाव सुर्जीला एका नव्या कामासाठी गेला होता. पायलने त्याला फोन लावला, उचलला नाही. संस्थेच्या सचिवांना लावला, उचलला नाही. बारा वाजले. ती रोहितच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"घड्याळ काढ. सगळ्यांसाठी. प्रत्येक पान आपोआप जतन झालं पाहिजे. कोणी वीस मिनिटं हात लावला नाही तर माहिती झाकायची, पण पुसायची नाही. परत आला की मोबाइलवर ओटीपी, आणि जिथं सोडलं तिथून सुरू."

"सरांना विचारलं?"

"फोन उचलत नाहीत."

"मग?"

"मी जबाबदार. तुला मी सांगितलं असं लिहून देते."

तिने खरंच मेल लिहून दिला. रोहितने तो उघडून वाचला, मग कामाला लागला. फुगा काढला. त्याच्या जागी ‘मदत’ असा एक स्थिर शब्द आला, दाबला तरच उघडणारा. सूचनांचा परिच्छेद तोडून जिथली सूचना तिथे नेऊन ठेवली, एकेक ओळ. ‘आता थांबतो, नंतर पूर्ण करतो’ असं एक बटण आलं. अडीच वाजता ते सुरू झालं.

त्यानंतरचा दीड तास पायलला खुर्ची टोचत होती. ती पाणी प्यायला गेली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. आपण काय करून बसलो हे तिला आता दिसायला लागलं होतं. काही बिघडलं तर शेकडो जणांचे अर्ज अडकणार होते. नोकरी तर गेलीच होती.

चार वाजता शेखर आत आला आणि त्याच वेळी ऑफिसचा फोन वाजला. त्यानेच उचलला.

"हो, बोला भागीरथाबाई. वेबसाइट? नाही, बंद नाही. कावून?" तो थांबला. "फोनच नाही येऊन राहिले म्हणजे? एकही नाही?"

त्याने फोन ठेवला आणि पायलकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याला कळायचं ते कळलं.

"काय केलं?"

तिने सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. शेखरने लॅपटॉप उघडला. त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे पायलला जास्त भीती वाटली. अडीचपासून एकशे सदतीस अर्ज पूर्ण झाले होते. आदल्या अख्ख्या दिवसात एकशे दोन झाले होते. त्याने आकडा दोनदा पाहिला.

"मी तुले कामावरून काढणार होतो आता," तो म्हणाला. "फोन ठेवला तवाच ठरवलं होतं, तुह्या चेहरा पाहून." त्याने लॅपटॉप मिटला. "राहू दे तसंच. पण मले न विचारता पुन्हा हात लावला त आकडे गिकडे काही पाहणार नाही मी."

"हो सर."

"संस्थेले माफीचं पत्र तू लिहिशीन."

तिने ते त्याच संध्याकाळी लिहिलं. संस्थेकडून उत्तर आलं ते एका ओळीचं होतं. यापुढे लेखी परवानगीशिवाय बदल करू नये. ते पत्र तिच्या फाइलला लागलं. मांडणीबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

बुधवारी तिने प्रीतमला फोन केला नाही. आईलाही केला नाही. सकाळपासून तिने दहा वेळा फोन उचलला आणि खाली ठेवला. वेबसाइटच्या आतल्या नोंदी पाहून त्याचा अर्ज कुठवर आला हे तिला कळू शकलं असतं. ते पाहायचं नाही असं तिने ठरवलं, एकदा हात तिथवर गेला, आणि तिने लॅपटॉपचं झाकण लावलं.

साडेतीनला संदेश आला. "अर्ज झाला. दोन तास पन्नास मिनिटं. तीन वेळा थांबलो." पाठोपाठ दुसरा. "पान ४ वर पालकाचं नाव दोनदा विचारलं आहे. पान ५ वर जिल्ह्यांच्या यादीत अकोला दोनदा आहे. अजून सात चुका आहेत. मोठ्या आधी पाठवू की पानाच्या क्रमाने?"

"पानाच्या क्रमाने," तिने लिहिलं, आणि तोंड धुवायला गेली.

ऑगस्टमध्ये प्रीतमचं नाव यादीत आलं. कागदपत्रं तपासायला अमरावतीला बोलावलं तेव्हा पायल त्याच्याबरोबर गेली. संस्थेच्या दालनात दोनशे माणसं होती, लाउडस्पीकरवर नावं पुकारली जात होती, कोणाचं तरी बाळ रडत होतं. प्रीतमने कानांवर हेडफोन चढवले. दारातल्या टेबलामागे जाड भिंगाचा चश्मा लावलेल्या एक बाई यादी घेऊन बसल्या होत्या.

"उमेदवारच आत जाईन फक्त," त्या पायलला म्हणाल्या.

आवाज पायलने ओळखला. "भागीरथाताई ना? मी पायल."

"तुमी व्हय?" बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्यापायी मले इथं बसवलं. फोन कमी झाले त म्हणे, दारावर बसा."

प्रीतम तोवर आत गेला होता. पायलला दारातून फक्त त्याची पाठ दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. आतल्या गोंगाटाचं ती काहीच करू शकत नव्हती. तिने व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, सूचनाफलक तीनदा वाचला, एकदा आत घुसायचा प्रयत्न केला आणि भागीरथाबाईंनी नुसता हात आडवा धरला. वीस मिनिटं झाली. प्रीतमनंतर आत गेलेले दोघे बाहेर आले. चाळीस मिनिटं झाली.

मग तो बाहेर आला, दालनातून नव्हे, जिन्यावरून. हातात पावती होती.

"कुठी होता तू? झालं का?"

"झालं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथला पंखा वाजते. मी सराईले सांगतलं, मले पंख्याजवळ बसता येत नाही."

"मंग? काय म्हणले ते?"

"म्हणले, वर जाऊन जागा पाहून घे तुही. मी सगळ्या बाकांवर बसून पाह्यलं. बेचाळीस बाक आहेत. खिडकीजवळचा, मागून दुसरा, तो ठीक आहे. म्हणून उशीर झाला."

पायलला अजून विचारायचं होतं, कोणी हसलं का, कोणी काही बोललं का. पण प्रीतम फाटकाकडे चालायला लागला होता. दुपारी दोनची बस गाठली तरच तो वाचनालय उघडायला पाचच्या आत विहारात पोचणार होता.